पट्टा, चकती, बाहेर

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात आमची तुकडी नंदुरबारला आली. चार हरिकेन विमानं, पाच पायलट आणि आम्ही तीस-पस्तीस जमिनीवरची माणसं. धानोऱ्याच्या वाटेवर मुरूम दाबून धावपट्टी केली होती. पुढच्या माळावर चुन्याने गोल आखले होते. पायलटांनी त्या गोलांत बॉम्ब टाकायला शिकायचं आणि मग ब्रह्मदेशच्या आघाडीवर जायचं, एवढंच काम.

मी कॉर्पोरल युसुफ पिंजारी, पॅराशूट सेक्शन. नंदुरबारचाच. आमच्या घरात तीन पिढ्या कापूस पिंजत आल्या. मी रेशमाच्या घड्या घालायला गेलो म्हणून अब्बा मला ‘सरकारी शिंपी’ म्हणून चिडवायचे. इथली भाषा येते म्हणून साहेबांनी मला मुद्दाम इकडे धाडलं. घर तीन मैलांवर होतं, पण तिथे जायलाही पास लागायचा.

आजचा पायलट संकटात एक हँडल ओढतो आणि खुर्चीसकट विमानाबाहेर फेकला जातो. आमच्याकडे तसलं काही नव्हतं. हुड, म्हणजे डोक्यावरचं काचेचं झाकण, मागे सारायचं, सीटचा पट्टा सोडायचा, विमान उलटं करायचं आणि खाली पडायचं. पॅराशूट पायलटच्या बुडाखाली उशीसारखं असायचं. त्याचे चार बंद पोटावरच्या एका चकतीत अडकवलेले असत. चकती फिरवून तिच्यावर बुक्की मारली की चारही बंद एकदम सुटत. म्हणजे पट्टा माणसाला विमानाशी बांधून ठेवायचा आणि चकती पॅराशूटशी. एवढा फरक ध्यानात ठेवा.

नंदुरबारला येण्याआधी ब्रह्मदेशातल्या आराकानात मी एक पायलट जळताना पाहिला होता. विमान पोटावर उतरलं, पेटलं. माणूस शुद्धीत होता आणि पट्ट्यांशी झटत होता. आम्ही पंखावर चढलो, पण ज्वाळांनी आम्हाला मागे ढकललं. तो ओरडत होता तोवर आम्ही पाणी मारत होतो. तो थांबला, तरी मारतच होतो. बाहेर काढला तेव्हा हातमोज्यांचं चामडं आखडून बोटांवर बसलं होतं. पट्टा सुटला होता. चकती बंदच होती, पॅराशूट सीटमध्ये अडकून त्याला धरून बसलं होतं. त्या दिवसापासून मी ठरवलं, माझ्या हाताखालून गेलेला पायलट चकतीपायी मरणार नाही.

धावपट्टीला लागून ठगूबाईंची मिरचीची पथारी होती. पथारी म्हणजे मिरची वाळत घालायचं मोकळं रान. साठीची विधवा बाई, आवाज असा की विमानाचं इंजिन चालू असतानाही ऐकू यावा. जानेवारीत ते रान लालभडक. पंख्याच्या वाऱ्याने मिरचीची धूळ उडायची आणि सगळ्यांवर बसायची. पायलट उतरल्यावर पॅराशूट अंगावर घेऊन यायचे, जमिनीवर टाकायचे आणि चहा प्यायचे. मी ते उघडून घड्या घालायला बसलो की शिंका, खोकला, डोळ्यांत आग. फ्लाइंग ऑफिसर श्रीधर टिपणीस तर एकदा हवेतच शिंकत सुटले. पनवेलचे, चोवीस वर्षांचे, सदा थट्टेच्या तयारीत. उतरल्यावर म्हणाले, “पिंजारी, घड्या घालतोस की फोडणी देतोस?”

मी नियम केला. पॅराशूट कॉकपिटमध्येच सोडायचं, मी स्वतः येऊन उचलीन. पट्टा, चकती, बाहेर. त्यात आराकानची आठवण होतीच, म्हणून वेगही मागितला. मी हातात घड्याळ धरून उभा राहायचो. जो सगळ्यात लवकर बाहेर येईल त्याला चहाचा पहिला मग. पाचही जण शाळकरी पोरांसारखे इरेला पेटले. मी ओरडायचो, “पट्टा!” आणि पुढचे दोन शब्द तेच ओरडायचे. टिपणीस सगळ्यांत पुढे होते. चार सेकंद. महिनाभर पहिला मग दुसऱ्या कुणाला मिळाला नाही. मला त्याचा अभिमान होता. हे लिहिताना हात जड होतो, पण होता.

त्या दिवशी सकाळी आठ पन्नासला दोन विमानं उडाली. टिपणीस ‘रेड टू’. आमचे फ्लाइट लेफ्टनंट वायरलेसच्या ट्रकपाशी माइक घेऊन उभे होते. मी त्यांच्याशेजारी होतो. नऊ बाराला टिपणीसांच्या विमानाच्या नाकातून काळा धूर निघाला. मग धुरात ज्वाळा दिसली.

“रेड टू. इंजिन फायर.”

“रेड टू, बेल आउट. हाइट?”

“फोर थाउजंड. गोइंग.”

बेल आउट म्हणजे विमान सोडून उडी. टिपणीसांचा आवाज शांत होता. चार हजार फूट म्हणजे भरपूर उंची. मी मनात म्हटलं, आज माझं रेशीम कामाला येणार. हुड उडून गेलेलं दिसलं. विमान उलटं झालं आणि एक ठिपका सुटला. अगदी पुस्तकातल्यासारखं.

मी मोजायला लागलो. एक, दोन, तीन. तीनला रिपकॉर्ड, म्हणजे पॅराशूट उघडायची दोरी, ओढायची. मग त्या ठिपक्याच्या वर, थोडा बाजूला, दुसरा ठिपका दिसला. लहान, चौकोनी.

फ्लाइट लेफ्टनंट विचारत होते, “व्हॉट्स दॅट?” मला कळलं होतं. ट्रकपाशी उभा राहून मी आभाळाकडे बघत ओरडलो, “फक्त पट्टा! साहेब, फक्त पट्टा!” कुणाला ऐकू जाणार होतं?

हात-पाय हलत होते. तो माणूस पोटावर चाचपत होता, रिपकॉर्ड जिथे असायला हवी होती तिथे. शेवटपर्यंत चाचपत होता.

टिपणीस पथारीवर पडले. आवाज भरल्या पोत्यासारखा आला. मिरची पुरुषभर उंच उडाली आणि लाल धूळ पसरली. पलीकडच्या ज्वारीत विमान पडलं, फुटलं आणि त्यातल्या गोळ्या दहा मिनिटं आपोआप सुटत राहिल्या. एक गोळी आमच्या ट्रकच्या दारातून आरपार गेली. तरी आम्ही धावलो.

मिरचीत अर्धा हात खोल खड्डा झाला होता. माणूस त्यात पालथा होता. पाय गुडघ्यापासून उलटे वळलेले. उताणा केला तर चेहरा उरलाच नव्हता. भाजलेलं कपाळ आणि दात, बस. रक्त कुठलं आणि मिरची कुठली ते सांगता येत नव्हतं. आम्ही पाचजण त्याला उचलताना खोकत होतो, डोळे गळत होते. धुळीमुळे गळत होते, असं प्रत्येकाने प्रत्येकाला समजू दिलं.

ठगूबाई आल्या. त्यांच्या दोन्ही हातांत माझं पॅराशूटचं पॅक होतं.

“भाऊ, हाई गठुडं तुम्हनं शे का?” त्या म्हणाल्या. “वरथीन दोन पडनात. एक मानूस, एक गठुडं.”

मी पॅक घेतलं. कोपरा दबला होता. वरच्या टाक्याचा लाल दोरा, मी आदल्या दिवशी बांधलेला, तसाच होता. चकती पूर्ण फिरलेली होती. चार सेकंदांचा हात होता तो. आगीत चेहरा होता, डोकं विचार करत नव्हतं, हाताने आपलं काम केलं होतं. पट्टा, चकती, बाहेर.

ठगूबाईंनी प्रेतावर गोणपाट टाकलं आणि विचारलं, “कोना पोऱ्या व्हता रे हाऊ?”

“पनवेलना पोस्टमास्तरना, माय,” मी म्हणालो.

चौथ्या दिवशी तंबूत चौकशी बसली. तीन अधिकारी, मध्ये टेबल, टेबलावर ते पॅक.

“कॉर्पोरल, पॅराशूट सर्व्हिसेबल होतं?”

“होतं, सर.”

“ओढून दाखव.”

मी रिपकॉर्ड ओढली. आतली स्प्रिंग उडाली, छोटी छत्री बाहेर आली आणि तिच्यामागून सगळं रेशीम टेबलावरून सळसळत जमिनीवर उतरलं. एकही घडी अडकली नाही. अध्यक्षांनी मान हलवली आणि लिहिलं: पायलटची चूक. मला विचारलं, “आणखी काही सांगायचंय?”

“नाही, सर.”

ही माझ्या नोकरीतली सगळ्यात भेकड गोष्ट. आराकानात गोळ्या चालू असताना मी पेटत्या विमानावर चढलो होतो, आणि तंबूत, सावलीत उभा राहून शेपूट घातली. त्या दुपारी मी माझा नियम मोडीत काढला. बाकीच्या चौघांना सांगितलं, पॅराशूट अंगावर घेऊनच उतरा, मिरची लागू दे. कारण सांगितलं नाही.

लढाई संपली. चाळीसचं दशक सरताना मी सार्जंट झालो आणि ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकवायला लागलो. एकदा विलायतेहून नव्या खुर्चीचे नकाशे आले. खुर्चीखाली नळी, नळीत काडतूस. तोंडावर पडदा ओढला की काडतूस उडतं आणि माणूस खुर्चीसकट आभाळात. वर्ग हसला. मला हसू आलं नाही, मी पुढचं पान वाचत होतो. हवेत गेल्यावर पायलटने आपल्या हाताने खुर्चीचा पट्टा सोडायचा, खुर्ची लाथाडायची आणि मग रिपकॉर्ड ओढायची. पोटावर पुन्हा दोन कुलपं, एकाशेजारी एक.

मी उभा राहिलो. “सर, गरगरताना हात कुठलं उघडेल?”

शिकवणारे स्क्वॉड्रन लीडर म्हणाले, “शिकवलेला हात बरोबरच उघडेल.”

“शिकवलेल्या हातानेच माझा माणूस मेला, सर,” मी म्हणालो. आणि वीस जणांसमोर सगळं सांगितलं. नियम, घड्याळ, चहाचा मग, दोन ठिपके. स्क्वॉड्रन लीडरनी मला ते लिहून द्यायला लावलं आणि कागद वर पाठवला. उत्तर आलं नाही. पुढे काही वर्षांनी खुर्च्या बदलल्या. पट्टा आपोआप सुटतो, पॅराशूट आपोआप उघडतं, बेशुद्ध माणूससुद्धा खाली येतो. माझ्या कागदामुळे नव्हे. जगात ठिकठिकाणी कुणी ना कुणी दोन ठिपके पाहिले असणार.

वर्गात बोललो त्याच वर्षी रजेवर आलो आणि पथारीवर गेलो. धावपट्टी नांगरली होती. रान पुन्हा लाल होतं, फक्त मधे खाटेएवढी जागा मोकळी, झाडून स्वच्छ केलेली.

“त्या जागावर मी मिरची टाकत नही,” ठगूबाई म्हणाल्या.

मी त्यांच्यासमोर खाली बसलो. “माय, त्याले मीच शिकाडं व्हतं. तो मन्हामुळे मरना.” आणि तिथेही सगळं सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं. हातांनी मिरची निवडणं थांबवलं नाही. “इतला साल काबरं बोलना नही?”

“हिंमत नही व्हती.”

त्यांनी निवडलेली मिरची बाजूला सारली. मग त्या मोकळ्या जागेकडे बोट करून म्हणाल्या, “मंग तो तुन्हा बी पोऱ्याच व्हता. जाय, त्यानाजोडे बस.”

मी जाऊन बसलो. फ्लाइंग ऑफिसर श्रीधर टिपणीस, पनवेल. बाहेर पडायला चार सेकंद. ते मी शिकवले होते.