चवीच्या वहीतली सही

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही.

मी शिकवायचो त्या कासूजवळच्या शाळेत खिचडी शिजवणारी बाई मिठागरावर राबणाऱ्या घरातली. मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने खिचडी चाखून वहीत सही करायची, असा नियम. ती रोज चवीची वाटी तळहाताने झाकून वर्गाच्या उंबऱ्याशी उभी राहायची. मी हातानेच जा म्हणायचो. आठवड्याच्या सहाही सह्या मी सोमवारीच उरकायचो.

एका गुरुवारी ती उंबरा ओलांडून टेबलापाशी आली. "गुरुजी, आज तेलाला वास येतोय. येकदा तोंडात घाला, मग वाढते."

"रोजचंच तुझं. वाढ जा, पोरं भुकेली आहेत."

दुपारी मुलांना उलट्या झाल्या. सगळी सावरली, पण चौकशी लागली. मी वही पुढे केली. "मी चाखली तेव्हा चांगली होती."

चौकशीला आलेल्या साहेबांनी तिला विचारलं, गुरुजींनी खरंच चाखली होती का. तिने माझ्याकडे पाहिलं. "गुरुजी खोटं कशाला बोलतील?"

तो टोमणा होता की विश्वास, मला अजून कळलेलं नाही. दोष तिच्यावर आला आणि शाळेच्या समितीने तिला कामावरून काढलं.

आजही रोह्याच्या बाजारात भेटली की विचारते, "जेवलात का, गुरुजी?" मी मान हलवून पुढे जातो.

मी खिचडी चाखलीच नव्हती, हे तिच्यादेखत शाळेच्या समितीला सांगणं माझ्याकडून राहिलं आहे.