चाखण्याची वाटी

आमच्या हॉटेलात आता दोन चुली आहेत. एक मागची, जमिनीवरची, तिच्यापुढे मी पाटावर बसते. दुसरी पुढची, उंच ओट्यावरची. तो ओटा बांधायला घेतला तेव्हा माझ्या मनात जे सुरू झालं ते लिहून ठेवते आहे. बोलून मला कुणाला सांगता आलं नसतं.

हॉटेल आळेफाट्याच्या थोडं पुढे, नाशिकच्या रस्त्याला. मासवडी-रस्सा आणि बाजरीची भाकरी खायला लोक गाड्या थांबवतात. भाकरी माझ्याकडे आणि मासवडीचं सारणही माझ्याकडे. मागच्या चुलीपाशी बसलं की तोंड भिंतीकडे असतं आणि पाठ सगळ्या जगाकडे. मला ती जागा पहिल्या दिवसापासून आवडली. चौथीपर्यंत शाळेत होते, तेव्हाही बाईंनी विचारलं की उत्तर येत असून मी गप्प उभी राहायचे. एकदा मालकीणबाईंनी मला भाकरीची टोपली घेऊन पुढे पाठवलं होतं. एका गिऱ्हाइकानं भाकरी इतकी पातळ कशी थापता एवढंच विचारलं, तर मी भरलेली टोपली घेऊन परत मागे आले.

चुलीशेजारी छपराचा लाकडी खांब आहे. पाटावरून उठताना मी तो धरते. सगळा खांब धुरानं काळा झाला आहे, पण माझा हात पडतो तेवढी जागा गुळगुळीत, चकचकीत झाली होती.

मालकीणबाई माझ्याहून लहान आहेत. त्यांना मी वहिनी म्हणते, त्या मला ताई म्हणतात. एक दिवस मी खांब धरून उठायला गेले, अर्ध्यावरून परत खाली बसले आणि दुसऱ्या खेपेला उठले. वहिनी दारातून बघत होत्या. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की पुढे ओटा बांधतोय, हल्ली लोकांना भाकरी थापताना बघायला आवडतं. उभ्यानं काम होईल, तुमच्या गुडघ्यांना आराम पडेल. मागच्या चुलीवर नव्या सूनबाईला बसवू. नवी सूनबाई म्हणजे जवळच्या वाडीवरची, नुकतीच कामाला लागलेली, सतत बोलणारी बाई. वहिनींच्या मनात माझं भलंच होतं. मी मान हलवली आणि परत भाकरीला बसले. त्या भाकरीच्या कडा फाटल्या.

म्हणजे मागेच राहायचं तर ओटा पुरा व्हायच्या आत मला खांब न धरता उठता यायला हवं होतं. डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी एकच गोष्ट सांगितली होती. वजन कमी करा.

ते मी आधी एकदा केलं होतं. म्हणूनच तर जास्त लाज वाटत होती.

दोन-तीन वर्षांमागे मी या हॉटेलात नव्हते, कांद्याच्या कामाला जायचे. तेव्हा माझ्या मुलीनं, ती लग्न होऊन लोणीला असते, मला फोनवर सांगितलं की आई, रात्री लवकर जेव आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काही खाऊ नकोस. पाणी पी, कोरा चहा पी. मी म्हटलं, हे तर मला येतं, आयुष्यभर उपवासच केलेत. पहिल्याच सकाळी मी साबुदाण्याची खिचडी केली, वर दाण्याचं कूट घातलं आणि पोटभर खाल्ली. मुलीला कळलं तेव्हा ती फोनवरच हसत सुटली. "आई, हा तो उपवास न्हाई. ह्याला खिचडी चालत न्हाई." मला बराच वेळ ते पटेना. उपवासाला चालतं आणि उपवासाला चालत नाही, ही गोष्टच डोक्यात बसेना.

पण मग जमलं. वर्षभरात अंगावरचे ब्लाउज सैल पडले, मी सगळ्यांना आतून शिलाई मारून घेतली. पाण्याच्या टाकीवर, गिरणीत, लग्नात बायका थांबवून विचारायच्या. मी लाजायचे, पण घरी येऊन आरशात बघायचे. भूक लागली की त्या बायका आठवायच्या आणि भूक परतायची.

पुढे वजन पुन्हा आलं. मारलेली शिलाई ब्लेडनं उसवली. या खेपेला मात्र कुणी थांबवून विचारलं नाही. लोक कमी झालेलं बोलून दाखवतात, वाढलेलं फक्त बघतात. मुलगी म्हणाली, पुन्हा सुरू कर. मी केलंही. रात्री लवकर जेवत होते, दुपारी गर्दी सरली की मगच ताट घेत होते. तरी गुडघे होते तसेच आणि शिलाई उसवलेलीच.

वजन का आलं याचं उत्तर मी ठरवून टाकलं होतं, धोंड्याचा महिना. जावयाला बोलावलं, पुरणाचे धोंडे केले, तुपाची वाटी संपवली, तिथून तोल गेला. विचारलं तर हेच सांगायचं असं पाठ केलं होतं, विचारलं कुणीच नाही. पण भाकरी थापताना हात आपले आपण चालतात आणि डोकं मोकळं असतं. एकदा असंच मनात आलं की जावई आले होते एका दिवसासाठी. सकाळी आले, संध्याकाळी गेले. एका दिवसाचं पुरण एवढं कसं पुरेल? मग हे वजन आणलं कुणी?

आमच्याबरोबर एक मावशी आहेत. आंबेगावच्या पार पश्चिमेकडच्या, डोंगरातल्या. भात आणि नाचणी पिकवणारं घर, आता पोरांबरोबर फाट्याला राहतात. रस्सा आणि आमटी त्या करतात. अंगानं वाळक्या, जिभेनं तिखट. माझा दुपारपर्यंतचा उपवास त्यांना मोठा गमतीचा वाटायचा. त्यांचा सवाल एकच असायचा. "सोमवार शंकराचा, चतुर्थी गणपतीची. ह्यो रोजचा कुना देवाचा गं?"

मी हसायचे, पण ते मनात राहिलं. आजवरचे सगळे उपवास कुणासाठी तरी होते. नवऱ्यासाठी, लेकरांसाठी, घरासाठी. मोडला तर काय होईल याची भीती असायची. हा मोडला तर कुणाचं काय होणार? देव बघत नाही, बायका विचारत नाहीत. मग तो धरायचा कशाला धरून? मावशी म्हणायच्या त्यांच्याकडे पावसाळ्यात दाणे संपले की असे उपवास व्हायचे, त्याला नाव नसायचं. हे सांगून त्या हसायच्या आणि मला काय करावं कळायचं नाही.

पुढे गवंडी रोज येत होते. ओट्याच्या विटा कमरेएवढ्या झाल्या. मी पाणी प्यायला जाताना तिकडे बघायचे नाही म्हणायचे आणि बघायचे.

मग अमावस्या आली. दर अमावस्येला हॉटेल उघडायच्या आधी पूजा असते आणि नैवेद्य आमच्याच चुलीवर होतो. पुरणपोळी, कटाची आमटी, भात, कुरडई. नैवेद्याचं काही चाखायचं नसतं, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. मीठ तळहातावर घ्यायचं, अंदाज बघायचा आणि सोडायचं. मी पुरण शिजवलं, वाटलं, वेलची घातली, पोळ्या लाटल्या. बोटाला पुरण लागलं तर पाण्यानं धुतलं. पूजा झाली, आरती झाली, नैवेद्य दाखवला, लगेच गिऱ्हाईक सुरू झालं. सणाचा दिवस म्हणून मासवडीही मावशींनी अंदाजानंच उरकली. दुपारी ताट घेऊन बसले आणि लक्षात आलं की आज पोट खरंच रिकामं आहे. अशी भूक मला कितीतरी महिन्यांत लागली नव्हती. आत काहीतरी खरवडल्यासारखं होत होतं, आणि गंमत म्हणजे त्याचा त्रास होत नव्हता.

मी तिथेच थांबले. रोजही मी याच वेळेपर्यंत उपाशी असते. मग रोज ही भूक कुठे जाते?

दुसऱ्या दिवशी मी एक स्टीलची वाटी घेतली आणि चुलीमागे ठेवली. ठरवलं की तोंडाकडे हात गेला की तो वाटीकडे वळवायचा. जेवढं तोंडात टाकणार होते तेवढं वाटीत टाकायचं. रोजच्यासारखंच सगळं करायचं, फक्त गिळायचं नाही. मला बघायचं होतं, बाकी काही नाही.

सकाळी दाणे भाजले. भाजले की नाही बघायला हात गेला, चार दाणे वाटीत. तीळ भाजले, चिमूट वाटीत. सुकं खोबरं किसलं, त्याचा उरलेला तुकडा कुणी किसत नाही, तो वाटीत. सारण कालवलं. तीळ, खोबरं, लसूण, कोथिंबीर, तिखट, मीठ. मीठ बघायला एक बोट. लसूण कमी वाटला म्हणून आणखी एक बोट. बेसनाचं घट्ट पिठलं ओल्या फडक्यावर थापलं, सारण पसरलं, गुंडाळी केली, वड्या कापल्या. गुंडाळीची दोन्ही टोकं गिऱ्हाइकाच्या ताटात जात नाहीत, सारण बाहेर येतं म्हणून. ती माझी असतात, कधीपासून माझी झाली ते मला माहीत नाही. तीही वाटीत. पहिली भाकरी तव्याला अंदाज द्यायला लहान करतात, तिचा पापुद्रा. चहाच्या वेळी सूनबाईनं पुढे केलेला गुळाचा खडा. पिठल्याच्या पातेल्याची खरवड.

दुपारची गर्दी सुरू व्हायच्या आत वाटी शिगोशीग भरली. मी दुसरी घेतली.

मावशी पातेलं उतरवायला आल्या आणि त्यांनी त्या दोन वाट्या बघितल्या. "हे कुनाला काढून ठेवलं?"

मला खोटं सुचलं नाही. मी म्हटलं, "माझंच हाये. रोजचं."

त्यांनी वाटी उचलून बघितली, टोकं बाजूला केली, खाली दाणे बघितले. नेहमीसारखा टोमणा येईल म्हणून मी मान खाली घालून बसले होते. त्या म्हणाल्या, "एवढ्यात माजी सकाळची न्ह्यारी झाली आसती की गं." आणि खरंच खाली बसून त्यांनी ती वाटी खाऊन टाकली.

मला वाईट वाटायला हवं होतं, पण मला हसू येत होतं. कोडं सुटल्यासारखं वाटत होतं. कांद्याच्या रानात चाखायला काय होतं? बांधून नेलेली भाकरी दुपारी सोडायची, तोवर पाणी. तेव्हा मला वाटायचं मी मनानं पक्की आहे. तशी नव्हते, रानात चाखायला पातेलंच नव्हतं. आणि या चुलीवर आले ते धोंड्याच्या महिन्याच्या तोंडावरच. बिचाऱ्या जावयांना उगाच दोष देत होते. मनातल्या मनात, तरी दोषच.

तेव्हापासून चाखायचं काम मावशींकडे गेलं. मी सारणाचं बोट पुढे करते, त्या जिभेवर घेतात आणि तिखट जास्त झालं म्हणून मला बोलतात. त्यांना तिखट नेहमीच जास्त झालंय असं वाटतं, म्हणून मी त्यांच्या बोलण्यातून थोडं वजा करते. आठवडाभर वाटी ठेवली. ती रोज थोडी उशिरा भरायची. मग एक दिवस अर्धीच राहिली. बायकांच्या बोलण्यानं मला पूर्वी जे धरून ठेवलं होतं ते आता या वाटीनं धरलं. सकाळी उठल्यावर वाटायचं, बघू आज किती होतंय.

एक गोष्ट अजून कळली नाही. अमावस्येला हात तोंडाकडे जातच नाही, त्याला अडवावंही लागत नाही. तोच हात, तीच मी, तीच चूल. दुसऱ्या दिवशी तो परत जातो. देवाच्या भीतीनं म्हणावं तर मला त्या वेळी भीतीबिती काही वाटत नाही, चाखायचं आठवतच नाही. हे असं विसरणं रोज कसं आणायचं?

ओट्याला फरश्या बसल्या, पाणी मारून झालं. हळदीकुंकू लावून पुढची चूल पेटवायची त्या सकाळी वहिनी मागे आल्या. सूनबाई त्यांच्यामागे उभी होती. माझी शेवटची भाकरी तव्यावर होती. वहिनी म्हणाल्या, "चला ताई, तुमची नवी जागा बघा."

मी भाकरी उतरवली. उजवा हात सवयीनं खांबाकडे गेला. तो मी अर्ध्यातून वळवला, जसा वाटीकडे वळवायचे तसा, आणि माझ्याच गुडघ्यावर ठेवला. दुसराही ठेवला. डावा गुडघा वाजला. उठले. सरळ व्हायला वेळ लागला, पण एका खेपेत उठले. मावशी पळी हातात धरून बघत होत्या.

आता मला बोलायला हवं होतं, आणि तेच उठण्याहून जड होतं. मी वहिनींच्या पायांकडे बघत म्हटलं, "मला बसाया जमतंय. मी हितंच बसते."

वहिनी म्हणाल्या, "अहो, मग आधी नाय का सांगायचं? मला वाटलं तुमालाच तरास व्हतोय."

तेव्हा आधी सांगण्यासारखं काही नव्हतं, हे कसं सांगणार. सूनबाई तर खूशच झाली. तिनं पिठाचा डबा उचलला आणि पुढे गेली. आता ती भाकरी थापता थापता गिऱ्हाइकांना सगळं समजावून सांगते, भाकरी पातळ कशी होते तेसुद्धा. मी मागे बसून ऐकते. बरंचसं चुकीचं सांगते.

उसवलेली शिलाई मी अजून परत मारलेली नाही. वजन पहिल्या खेपेइतकं उतरलेलं नाही आणि कुणी थांबवून विचारतही नाही. लग्नसराईत हात पुन्हा सैल सुटला होता, तेव्हा आठवडाभर वाटी परत चुलीमागे आली. पण सकाळी पाटावर बसले की खांबाकडे नजर जाते. चकचकीत होती त्या जागेवर आता काजळी धरायला लागली आहे.