मार्गदर्शकाच्या रकान्यातले तात्या

बारामतीच्या एमआयडीसीत दूध साठवायच्या स्टीलच्या टाक्या बनवणारं एक छोटं वर्कशॉप आहे. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षापासून मी तिथे अर्धा दिवस ऑफिसचं काम करते. सकाळी कॉलेज, दुपारी बारापासून बिलं, हजेरी आणि ईमेल. हे काम मला तात्यांमुळे मिळालं. तात्या तिथले सगळ्यात जुने वेल्डर. माझे वडील भवानीनगरला साखर कारखान्यात कामाला आहेत आणि तात्या पूर्वी तिथे दुरुस्तीच्या कामाला यायचे, एवढीच ओळख. पण त्यांनी मालकांना सांगितलं, अंथुर्ण्याची एक पोरगी आहे, कॉम्प्युटर येतो, घरात पहिलीच कॉलेजला गेलीय, बघा. मालकांनी मला दुसऱ्याच दिवशी बोलावलं.

संध्याकाळी आम्ही इंदापूरच्या एकाच एसटीने परत जायचो. तात्या काटेवाडीला उतरायचे, मी पुढे अंथुर्ण्याला. वाटेत ते मला कॉलेजचं विचारायचे. अकाउंटन्सी म्हणजे काय, ऑडिट कोण करतं, परीक्षेत उत्तर मराठीत लिहिलं तर चालतं का. मी सांगितलेलं ते लक्षात ठेवायचे आणि चार दिवसांनी त्यावर पुढचा प्रश्न काढायचे. इतकं नीट ऐकणारं माणूस मला कॉलेजातही भेटलं नव्हतं. हे मला तेव्हाही दिसत होतं, आणि तरी मी पुढे जे केलं ते केलं.

मागच्या वर्षी मालकांनी लेझर वेल्डिंगचं मशीन घेतलं. त्याच सुमारास त्यांना कळलं की, कामगारांना नवीन काम शिकवायचं असेल तर राज्य सरकारच्या एका योजनेतून कारखान्याला मदत मिळते. प्रशिक्षणाच्या खर्चाचा मोठा भाग सरकार देतं, शिकवणारा माणूस वर्कशॉपमध्ये येतो, सहा आठवड्यांनी परीक्षा होते आणि पास होणाऱ्याला सर्टिफिकेट मिळतं. मालकांना त्या सर्टिफिकेटची गरज होती, कारण आमच्याकडून टाक्या घेणाऱ्या डेअरीने ते मागायला सुरुवात केली होती. अर्ज ऑनलाइन होता. मालक मला म्हणाले, तुला सगळ्यांची माहिती आहे, तू भर, मी सही करतो.

इतक्या विश्वासाने मला तोवर कोणी काही दिलं नव्हतं. मी आधी सगळे नियम वाचून काढले, अवघड शब्द वहीत उतरवले. अर्जात दोन याद्या होत्या. एक प्रशिक्षणार्थींची, तिच्यात नाव, वय, शिक्षण, अनुभव. दुसऱ्या यादीत एकच नाव द्यायचं होतं, कारखान्यातला मार्गदर्शक. मार्गदर्शकाने रोज हजर राहायचं, हजेरीवर सही करायची. खाली स्पष्ट लिहिलं होतं की एकच व्यक्ती दोन्ही याद्यांत असू शकत नाही आणि प्रशिक्षण सुरू झाल्यावर यादी बदलता येत नाही. ते मी वाचलं होतं. वाचलं नव्हतं असं मी कधीच म्हणू शकत नाही.

सहा पोरांची नावं घातली. सगळे आयटीआय केलेले, माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठे. सातवं नाव तात्यांचं, आणि तिथे मी थांबले. ज्यांनी या सहाही जणांना वेल्डिंगची टॉर्च हातात कशी धरायची ते शिकवलं, त्यांना या पोरांच्याच ओळीत शिकाऊ म्हणून बसवायचं? आमच्याकडे मोठं माणूस आलं की लहानाने खाट सोडून उठायचं असतं. मला ते बरं दिसेना. शिवाय शिक्षणाचा रकाना होता. तात्या किती शिकलेत ते मला माहीत नव्हतं आणि विचारायचं धाडस नव्हतं. माझ्या कॉलेजच्या अर्जात वडिलांच्या शिक्षणासमोर लिहिताना माझा हात कसा अडखळला होता ते मला आठवत होतं. तात्यांवर ती वेळ नको, असं मी ठरवलं. त्यांचं नाव मी मार्गदर्शकाच्या रकान्यात टाकलं. तात्या बाहेर शेडमध्ये दहा पावलांवर टाकी घासत होते. उठून विचारून यायला एक मिनिट लागलं असतं.

मालकांनी यादी पाहिली, हे चांगलं केलंस म्हणाले, आणि मला दिवसभर हलकं वाटत राहिलं.

प्रशिक्षण सुरू झालं त्या दिवशी तात्या दाढी करून, धुतलेला शर्ट घालून आले होते. शेडमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. ते दुसऱ्या ओळीत कडेच्या खुर्चीवर बसले. शिकवायला पुण्याहून आलेल्या सरांनी नावं पुकारली. सहा नावं झाली, आणि मग ते अदबीने म्हणाले की मार्गदर्शकांनी इकडे पुढे यावं. तात्या आजूबाजूला बघायला लागले. पोरं हसली. एक जण म्हणाला, "तात्या, गुरुजी झाला की तुमी. आता आमाला छडी न्हाय ना मारनार?"

"तुला तर पयली," तात्या म्हणाले, आणि उठून फळ्याशेजारच्या खुर्चीत, पोरांकडे तोंड करून बसले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी ऑफिसच्या दारातून बघत होते. मलाही टाळी वाजवावीशी वाटली.

मशीन फक्त यादीतल्या सहा जणांनीच हाताळायचं होतं. सर रोज प्रत्येकाचा काम करतानाचा फोटो काढून योजनेच्या पुण्यातल्या कार्यालयात पाठवायचे. तात्या रोज खुर्चीवर बसत, रोज सही करत. दहा-बारा दिवसांनी ते ऑफिसमध्ये आले. मला वाटलं रजा मागायला आले असतील.

"पोरी, माझा नंबर कवा लागायचा?"

"कसला नंबर, तात्या?"

"मशीनला हात लावायचा. लई दिस झालं, नुसता बघतोय. आधी पोरांचं हुंदे म्हनून मी काय बोललो न्हाय."

"बघते," मी म्हणाले. ते गेल्यावर मी पुण्याच्या कार्यालयात फोन केला. तिथल्या बाईंनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांनी तोच नियम वाचून दाखवला, जो मी आधीच वाचला होता. मालकांना सांगितलं, तर ते म्हणाले की आता एका नावासाठी सगळा अर्ज अडकवून घेता येणार नाही. त्यांचंही खरं होतं.

दोन दिवस मी संध्याकाळची एसटी चुकवली आणि मागच्या गाडीने गेले. तिसऱ्या दिवशी तात्यांनी माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती, रुमाल टाकून. मी बसले आणि गाडी हलायच्या आत सांगून टाकलं, की त्यांचं नाव शिकणाऱ्यांच्या यादीत नाही आणि आता ते घालता येत नाही.

"मालकानी काढलं व्हय?"

"न्हाय तात्या. मीच घातलं न्हाय."

ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. मी काय काय बोलत गेले. तुम्हाला पोरांच्या ओळीत कसं बसवायचं, ते मला बरोबर वाटलं नाही. आणि शिक्षण विचारायलाही कसंतरी वाटलं.

"चौथी," ते म्हणाले. "इचारलं असतंस तर सांगितलं असतं. त्यात लपवायसारखं काय हाय?" मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आनि पोरांच्यात बसायला मला काय झालं असतं गं? पोरं माझीच हायती."

काटेवाडी आली. उतरताना त्यांनी रोजच्यासारखं, नीट जा, म्हटलं.

सहाही पोरं पास झाली. त्यानंतर डेअरीचा इंजिनियर येऊन गेला आणि ठरलं की त्यांच्या टाक्यांना सर्टिफिकेटवाल्यांनीच हात लावायचा. तात्यांकडे टाक्यांचे स्टँड, शिड्या, शेडची दारं असलं काम आलं. मालकांनी पगार कमी केला नाही. पोरंही वाईट वागली नाहीत. सुरुवातीला सांधा जमला नाही की ती तात्यांना हाक मारायची. तात्या जायचे, दोन्ही हात पाठीमागे बांधून वाकून बघायचे, काय चुकलं ते सांगायचे आणि परत यायचे. हात मात्र पाठीमागेच. पुढे पोरांनी हाका मारायच्या बंद केल्या, त्यांना जमायला लागलं होतं.

कारखान्याच्या अर्जाशिवाय, एकट्यानेही परीक्षा देऊन असं सर्टिफिकेट काढता येतं, हे मी शोधून काढलं. अर्ज, तारीख, सराव कुठे करायचा, सगळं कागदावर लिहून तात्यांना एसटीत दिलं. त्यांनी तो कागद वरच्या खिशात ठेवला आणि बघू म्हणाले. आमच्याकडे मोठी माणसं नाही म्हणत नाहीत, बघू म्हणतात. मी पुन्हा विचारलं नाही. तिथेही विचारायला हवं होतं की काय, हे मला अजून ठरवता येत नाही.

दिवाळी झाल्यावर ते म्हणाले की इंदापूरला मेव्हण्याचं ट्रॉल्या बनवायचं दुकान आहे, तिकडे जातोय. त्या दुकानाला मोठ्या कंपनीची कामं मिळतात, म्हणून अनुभवाचा दाखला लागेल. मालकांनी मला टाइप करायला सांगितलं. या वेळी मी तात्यांना शेजारी खुर्ची दिली आणि एकेक ओळ वाचून दाखवत गेले. हुद्दा काय लिहू, विचारलं. वेल्डर लिव्ह, म्हणाले. खाली मी माझ्या मनाने एक ओळ घातली होती, की त्यांनी येथील अनेक कामगारांना मार्गदर्शन केले. ती खरी होती आणि मला ती त्यांना द्यायची होती.

"हे काढ," ते म्हणाले.

"तात्या, चांगलं हाय ते. राहू द्या की."

"चांगलं हाय. पर तितं मला काम करायचं हाय, बसायचं न्हाय."

मी ओळ पुसली आणि प्रिंट काढली. मालक सही करायला उभे होते, बाहेर कुणीतरी मालाच्या चलानासाठी थांबलं होतं. तात्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि शब्दांखाली बोट फिरवत पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. मध्ये एकदा ते अडले. मी तो शब्द सांगायला तोंड उघडलं आणि गप्प बसले. त्यांनी तो स्वतः लावला, आणि मग कागद मालकांकडे सरकवला.