बारा दिवस अडलेली जीप

बाळांनो, नोकरीतली पुष्कळ प्रकरणे मी विसरले. एका जीपचे मात्र विसरता येत नाही.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. मी नागपुरात पोलीस वायरलेस शाखेत फौजदार होते. चंद्रपूरकडच्या जंगलातल्या एका चौकीसाठी आमच्या कार्यशाळेत जीप तयार होत होती. डॅशबोर्डखाली लांब पल्ल्याचा सेट, मागच्या बंपरवर एरियल, सीटमागे जादा बॅटरी. काम दोन दिवसांचे. बारा दिवस झाले तरी जीप हलेना. इंजिन चालू केले की सेटवर खरखर सुरू. चौकीचे स्मरणपत्र आले: आजारी शिपायाला बैलगाडीतून न्यावे लागले, जीप तातडीने पाठवा.

सेट बसवणारा फिटर निवृत्तीला टेकलेला, हात सफाईदार. त्याला साधी खरखर सापडू नये?

खबर पहाऱ्यावरच्या हवालदाराने दिली. "मॅडम, तो बुढा गाडी बनवून राहिला का बिघडवून राहिला, समजत नाही. रोज सकाळी सातले आत बसते अन् सेट लावते."

संशय सरळ होता: हा कुणाला तरी संदेश पुरवतो. पण आमची एक पद्धत होती. माइक सर्वांत शेवटी बसवायचा. तोवर तो माझ्या कपाटात कुलूपबंद. म्हणजे फिटरला बोलता येत नव्हते, फक्त ऐकता येत होते.

दुसऱ्या दिवशी सातला मी जीपपाशी गेले. त्याची हत्यारपेटी उघडायला लावली. रुमालात स्पार्क प्लगवरची एक टोपी निघाली. ती नसली की इंजिनाच्या ठिणगीची खरखर सेटवर येते.

"काहून काढली?"

"जुनी झाली होती, बाईसाहेब."

"गाडी नवी आहे."

 तेवढ्यात सेटवर चौक्यांची सकाळची हजेरी सुरू झाली. एक तरुण आवाज आला, "सर्व ठीक. ओव्हर." म्हाताऱ्याने मान खाली घातली.

"माहा पोरगा हाय जी. आठ महिने झाले, घरी आला नाही. गाडी गेली का मले आवाज कुठून ऐकू येईन?"

त्याच्या कामाच्या चिठ्ठीवर फक्त गाडीचा नंबर असे, चौकीचे नाव नसे. मी त्याला स्मरणपत्र दाखवले. चौकीचे नाव त्याने दोनदा वाचले.

"म्हंजे हे गाडी त्याचीच?"

दहा मिनिटांत टोपी प्लगवर बसली. मी माइक काढून दिला. शेवटची चाचणी नियमाप्रमाणे फिटरच घेतो.

"आवाज कसा येते? ओव्हर."

 पलीकडून तोच तरुण आवाज, "स्पष्ट. ओव्हर." आणि हळूच, "बाबा, जेवले काय जी?"

फिटरने माझ्याकडे पाहिले. मी एरियलकडे पाहू लागले.

"जेवलो गा," तो म्हणाला. सकाळचे साडेसात वाजले होते, डबा बंद होता.

अहवालात टोपीचे सारे लिहिले, लपवले नाही. त्याला लेखी ताकीद मिळाली, नोकरी वाचली. चाचणीच्या नोंदवहीत मात्र फक्त 'आवाज स्पष्ट' एवढेच लिहिले.

आरोपी कशासाठी खोटे बोलतो, हे आधी विचारावे, असे त्या प्रकरणाने मला शिकवले. तुम्हाला ते आता सांगण्याचे कारण आहे. रविवारी तुमचा फोन येतो, दोन मिनिटांत तुम्ही आवरते घेता आणि मी म्हणते, "खरखर येतेय रे, पुन्हा सांगा."

खरखर नसते. माझी टोपी माझ्याच रुमालात असते.