अकरा महिन्यांचा करार आणि टेप घेऊन आलेले पाहुणे

बँकेतल्या बदल्यांपायी मी आजवर सहा घरं भाड्यानं घेतली. घर बघताना मी नळ सोडून पाहते, खिडक्या लावून पाहते, शेजाऱ्यांकडे चौकशी करते. जबलपूरला विजय नगरमध्ये यातलं काहीच केलं नाही, कारण घरमालक मराठी निघाले. संरक्षण कारखान्यातून निवृत्त झालेले काका, त्यांच्या शेजारी बसलेल्या काकू, समोर पोहे. दिवसभर हिंदी बोलून जीभ थकलेली असताना कोणी "या ना ताई, बसा" म्हटलं, की माणूस पोहे खातो. नळ तपासायला उठत नाही.

कचेरीतल्या टायपिस्टनं नेहमीचा अकरा महिन्यांचा करार काढून दिला. भिंतीत खिळे ठोकू नयेत, कुत्रा पाळू नये, महिन्याभराच्या नोटिशीवर घर सोडावं. मुलगी बारावीत होती. मार्चमधली बोर्डाची परीक्षा होईपर्यंत घर बदलायचं नाही, एवढीच माझी अट होती. ती मी काकांना तोंडी सांगितली. काका "हो हो" म्हणाले. आपल्याच माणसाकडे लेखी काय मागायचं, असं वाटलं. एरवी बँकेत मी कोणाच्याही तोंडी शब्दावर कागद पुढे सरकवत नाही.

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी बेल वाजली. दारात जवळच्या सिहोरा गावचे एक धान्य व्यापारी, त्यांची बायको आणि मोजायची टेप.

"दीदी, जरा किचन नाप लें? मकान हम ले रहे हैं. आप तो जनवरी में खाली कर रही हैं न?"

मुलगी पुस्तक घेऊन बाहेर आली आणि माझ्याकडे पाहून परत आत गेली. मी पाहुण्यांना बसवलं आणि जिना चढून काकांकडे गेले.

"काका, घर विकलं?"

"विकून राहिलो, ताई." काका पेपराआडून म्हणाले. "मुलगा पुण्याला बोलावून राहिला. जूनपासूनच चाललं होतं."

"म्हणजे मी राहायला आले तेव्हा?"

"मी रोज म्हणत होती, सांगा, सांगा," काकू मेथी निवडत म्हणाल्या.

"मग तू काहून नाही सांगितलं?"

"मी काहून सांगू? करारावर सही तुमची आहे."

ते लबाड नव्हते. मला वाईट वाटेल म्हणून मला सांगितलं नाही, आणि व्यापारी मागे फिरतील म्हणून त्यांना माझी मार्चची अट सांगितली नाही. असल्या भिडेचा मला मनापासून वैताग आहे. लबाडाशी निदान भांडता तरी येतं.

"चला खाली," मी म्हटलं.

खाली येऊन मी व्यापाऱ्यांना सरळ सांगितलं, "भैया, बेटी का बोर्ड है. मार्च के पहले मैं कहीं नहीं जाऊँगी."

ते काकांकडे बघायला लागले. काका फरशीकडे. व्यापाऱ्यांच्या बायकोनं विचारलं, "बिटिया का कौन सा सब्जेक्ट है?"

"बायो."

"हमारा लड़का भी यहीं कोचिंग करेगा. इसीलिए तो मकान ले रहे हैं." मग नवऱ्याकडे वळून, "अप्रैल में ले लेंगे. बच्ची को पढ़ाई के बीच से उठाओगे क्या?"

व्यापारी हसले. "चाचाजी, बता तो देते!"

मी मुलीच्या वहीतलं पान फाडलं. घर एप्रिलमध्ये रिकामं होईल असं हिंदीत लिहिलं, तिघांच्या सह्या घेतल्या. सोमवारी हेच स्टॅम्प पेपरवर उतरवायचं ठरलं. सही केल्यावर काकांच्या चेहऱ्यावर असा काही मोकळेपणा आला, की ते थांबेचनात.

"चलो, आता हे पण सांगून टाकतो. मागच्या खोलीची भिंत पावसात ओल धरते."

"कौन सी दीवार?" टेप गुंडाळता गुंडाळता व्यापाऱ्यांचा हात थांबला.

"आइए, दिखाती हूँ," मी म्हटलं. जुलैपासून मी त्या भिंतीजवळची गादी सरकवत होते.

मागच्या खोलीतून मुलगी ओरडली, "आई, आता नको. मी अभ्यास करतेय."

सगळे दारातच थांबले. भिंत बघायला व्यापारी एप्रिलमध्ये आले.