मच्छरदाणीचं लुगडं

आईला मेल्यानंतर शेवटी तुम्ही जरीचं लुगडं नेसवलंतच.

जिवंतपणी कुणाची टाप नव्हती.

थांबा. आधी विचारपूस करते, नाहीतर म्हणाल म्हातारी आल्या आल्या भांडायला लागली.

नंदू, गुडघा कसा आहे? जिना कमी चढ.

पालीच्या वहिनी, शुगर किती आली ते सांगू नका, फणस किती खाल्लात ते सांगा.

सुमन, खोकला गेला का गो? अडुळसा दारात आहे आणि तू सिरप आणतेस.

आणि भाचेबुवा सुहास, तू ठणठणीत असणारच. आज आजीचा स्मृतिदिन म्हणून सकाळीच फॅमिली ग्रुपवर तिचा फोटो टाकलास. ॲपमधून तिच्या अंगावरचं सुती काढलंस आणि जांभळी पैठणी घातलीस. वर लिहिलंस, "आजी एकदम रॉयल."

खाली अंगठ्यांची रांग लागली.

असल्या रॉयल लोकांशी आईची गाठ लग्नाआधीच पडली होती. ती गोष्ट आई आणि मावशी मिळून सांगायच्या. एकीने सुरू करायची, दुसरीने मधेच तोडायची. आता दोघी नाहीत, म्हणून मी सांगते.

तीसच्या दशकातली गोष्ट. आईचं माहेर पालीजवळ, भातशेतीचं घर. लग्न वैशाखातलं. आपल्याकडच्या वैशाखात जांभा दगडसुद्धा तापून चटके देतो, हे एसीत बसून कळायचं नाही.

आईच्या आधी तिच्या थोरल्या बहिणीचं, म्हणजे मावशीचं लग्न असंच वैशाखात झालं होतं. उपाशी पोट, अंगावर जड रेशमी लुगडं, वर शेला. भर मांडवात तिला घेरी आली.

पाणी मारल्यावर उठली. पण सासरचे म्हणाले, पोरीला फेफरं येतं.

वरात निघालीच नाही. मावशी जन्मभर माहेरी राहिली.

नवऱ्याचं नाव तिने कधी घेतलं नाही. त्या लुगड्याचा रंग मात्र शेवटपर्यंत सांगायची.

तेव्हा आईचं कापड हा नटण्याचा विषय नव्हता. धाकटीलाही घेरी आली असती तर त्या घरातल्या पोरींना फेफरं येतं हे कायमचं चिकटलं असतं. आईही घरी बसली असती. मी नसते. सुहास, तूही नसतास, नुसतं तुझं ॲप राहिलं असतं.

शहाणे म्हणाले, टाकलेल्या बाईला बस्ता बांधायला नेऊ नका.

आई म्हणाली, "ताय नाय तर मी पण नाय."

रत्नागिरीच्या बाजारात मावशी एकेक कापड तोंडाशी धरायची आणि फुंकर मारायची. पलीकडे आईचा तळहात.

"लागली काय गो?"

"नाय."

"ठेव ते परत."

दुकानदार वैतागला. "बाई, कापड घ्यायला आलात की चूल पेटवायला?"

शेवटी एका पांढऱ्या मलमलीतून फुंकर तळहाताला लागली. तेच घेतलं. दुहेरी नेसलं की अंग दिसत नव्हतं आणि वारा लागत होता. घरी हळदीत बुडवून पिवळं केलं. त्यातल्याच तुकड्याची चोळी मावशीने हाताने शिवली.

हळदीच्या दिवशी वरपक्षाकडून बाबांचे काका आले. मुंबईकाका. कापडबाजारात त्यांचा मोठा वावर. वावर म्हणजे एका पेढीच्या दारात स्टुलावर बसायचे. वैशाखात अंगात बनातीचा जाड लोकरी कोट, काखेत पुडकं. पुडक्यात नकली रेशमाचं जरीचं लुगडं, हात लावला की करकरायचं.

"नवरी हेच नेसेल. आमच्या घराला शोभलं पाहिजे."

हळदीचं लुगडं अंगणात दोरीवर होतं, अजून ओलसर. काका तंबाखूला चुना लावून मळत होते. तोच अंगठा पुढे करून त्यांनी लुगडं चिमटीत धरलं.

"ही मच्छरदाणी कोणाची? सून काय मच्छरदाणीत गुंडाळून न्यायची?"

वऱ्हाडी हसले. असल्या विनोदाला हसणारे कायम हजर असतात.

चिमूट सोडली तर पिवळ्यावर लालभडक अंगठा.

"बघा, डाग. लग्नाच्या कापडाला डाग. आता हे चालायचं नाय."

डाग पाडला स्वतः, बोट दाखवलं दुसऱ्याच्या कापडाकडे. ही जात अजून संपलेली नाही.

माझी आजी, म्हणजे आईची आई, रडायला लागली. आजोबा पुडकं सोडायला खाली बसले.

तेव्हा मागच्या पडवीतून मावशी बोलली. शुभकार्यात तिने तोंड उघडायचं नव्हतं.

"काकानू, हळदीला चुना लागला की काय होतं?"

वरपक्षातलीच एक म्हातारी म्हणाली, "कुंकू होतं गो. घरोघर तसंच करतात."

"मग तुमच्या हाताने नवरीला कुंकू लागलं. आता ते टाकून द्या म्हणायचं असेल तर तुम्हीच म्हणा."

नवरीचं कुंकू टाका, असं हळदीच्या मांडवात कोण म्हणेल?

दुसऱ्या दिवशी आई त्या अंगठ्यासकट बोहल्यावर उभी राहिली. घाम आला, वारा लागला, वाळला. घेरी आली नाही.

घेरी आली बनातीच्या कोटाला. दोघांनी सुपाने वारा घातला. त्यांना फेफरं येतं असं कुणी म्हटलं नाही.

वरात निघाली तेव्हा मावशी पुढच्या दारात उभी होती. आईनेच सांगितलं होतं, "मागे नको लपू. मला दिसशील अशी रहा."

आईने पुढे जन्मभर जरीचं कापड अंगाला लावलं नाही. शोरूममध्येसुद्धा साडी तोंडाशी धरून फुंकर मारायची. पोरं हसायची. हसू देत.

सुहास, तो फोटो काढ. सुती लुगड्यातला आहे तसा टाक.

मावशीचा फोटो कुणाकडेच नाही. तेवढी ती वाचली.

आई, तुला वारा लागू दे. ताय जवळ असेलच.

बाकीच्यांनो, ह्या पोस्टला नुसता अंगठा देऊ नका. तो एक आम्हाला पुरला. कसे आहात ते दोन ओळी लिहून कळवा, आणि लवकर कळवा.