म्हैस आणि लॉ कॉलेज

चाळिशी उलटल्यावर मी नगरच्या एका लॉ कॉलेजात अर्ज करायचं ठरवलं. अर्जात एक प्रश्न होता : ‘आपणास न्यायालयाने कधी शिक्षा केली आहे काय?’

नवरा म्हणाला, “नाही म्हणून लिही. एवढं जुनं कोण उकरत बसतंय?”

पण शिक्षा झाली होती, तीही सासूबाईंच्या सोबतीनं. त्यांना मी आत्या म्हणते. आमचं गाव काष्टीच्या पलीकडं. एका उन्हाळ्यात आमच्या आळीचे नळ कोरडे पडले. ग्रामसेवकांचं रोजचं उत्तर एकच, “बघतो.” शेवटी आम्ही दोघींनी म्हैस सोडली, भर दुपारी ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेली आणि साहेबांच्या टेबलाला बांधली. तिनं आधी बादलीतलं पाणी संपवलं, मग खुर्चीशेजारी निवांत शेण टाकलं. साहेब खुर्चीवर उभे! दुसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं, आणि दारात पोलीसही. श्रीगोंद्याच्या कोर्टात आम्ही गैरवर्तनाचा गुन्हा कबूल केला, किरकोळ दंड भरला आणि येताना भेळ खाल्ली.

आत्यांना मी प्रश्न वाचून दाखवला.

“लिव्ह की! चोरी केली व्हय आपुन? आन् माझंबी नाव टाक.”

“आत्या, अर्ज माझा आहे.”

“मग म्हशीचं तरी टाक.”

मी ‘होय’ लिहिलं आणि खाली सगळी हकिकत मांडली. आठवड्याभरात प्राचार्यांचं बोलावणं आलं. मी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन बसले. ते बराच वेळ माझा अर्ज वाचत राहिले. चेहऱ्यावरची रेष हलेना.

“आरोपी किती होते?”

“दोन, सर. म्हैस धरली तर तीन.”

“वकील कोण दिला होता?”

“कुणीच नाही, सर. म्हणून तर इथं आलेय.”

त्यांनी चष्मा काढला, रुमालानं तोंड झाकलं. खांदे मात्र हलत होते. मग घसा खाकरून म्हणाले, “कोर्टाच्या निकालाची नक्कल आणून द्या. खरं लिहिलंत, बरं केलंत. लपवलं असतंत तर अडचण झाली असती.”

नक्कल दिली, प्रवेश झाला. घरी येऊन सांगितलं, तर नवरा म्हणाला, “मी म्हणतच होतो, खरं लिही म्हणून.”

आत्यांनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. त्या मला म्हणाल्या, “वकील कधी हुतीस? शेजाऱ्यानं बांध कोरलाय. तवर मी भांडन लांबवते.”